क्षय की क्रोन : मुलांच्या आतड्याचा प्रश्न

मंडळी, मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा. औषध सांगणार नाही, ते ठरतं कसं एवढंच सांगतो.

अंबरनाथ-बदलापूरहून लोकलने मुलाला परळला दाखवायला नेणारे आईवडील तुम्ही पाहिले असतील. मूल बारा वर्षांचं, दिसतं आठचं. पोटदुखी, जुलाब, बारीक ताप. क्रोनचा आजार असू शकतो. पण आपल्याकडे आधी विचारावं लागतं, हा आतड्याचा क्षय तर नाही?

धूर दिसला की अग्नीचं अनुमान करतो. पण खूण दोन्हीकडे सापडत असेल तर नैयायिक तिला 'सव्यभिचार' हेत्वाभास म्हणतात. लहान आतड्याच्या टोकाशी व्रण दोन्ही आजारांत दिसतात. आणि चूक महागात पडते. क्षयात नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो बळावतो. क्रोनमध्ये क्षयाच्या गोळ्या खाण्यात महिने जातात आणि आतडं आकसत जातं. उलगडा होत नसेल तेव्हा डॉक्टर अनेकदा क्षयाची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीतून पुन्हा पाहतात. ताप उतरला, वजन वाढलं, एवढ्यावर जाऊ नका बरं का! क्रोनमध्येही तेवढं होतं. व्रण भरला का, ते विचारा.

क्रोन ठरला, तर स्टेरॉइडने वाढ खुंटते म्हणून मुलांत बहुधा आधी सहा ते आठ आठवडे फक्त ठरवून दिलेला पातळ आहार देतात. पोळी नाही, वरणभात नाही. मी आजोबा आहे, चोरून पेढा दिला असता. पण तिथेच उपचार फसतो. आजार जोरदार असेल तर इन्फ्लिक्सिमॅब. त्याआधी लपलेल्या क्षयाची तपासणी हवीच.