एका उपहासपटाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे देवालये, घाट आणि जुने वाडे उभे राहतात. चित्रपटाचाही जीर्णोद्धार करावा लागतो, आणि तोही उण्यापुऱ्या अठरा वर्षांच्या चित्रपटाचा, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. परंतु अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये ‘क्रायटेरियन कलेक्शन’ या संस्थेने ‘इलेक्शन’ या १९९९ सालच्या चित्रपटाची नव्याने सिद्ध केलेली प्रत घरी पाहण्यासाठी ब्लू-रे तबकडीवर प्रसिद्ध केली, तेव्हा हेच घडले. एका शाळेतील निवडणुकीवरचा हा विनोदी चित्रपट इतक्या काळजीने का जपावा, आणि जपणे म्हणजे नेमके काय करणे, हे दोन्ही प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

चित्रपटाची कथा टॉम पेरोटा यांच्या १९९८ साली प्रकाशित झालेल्या कादंबरीवर आधारलेली आहे. १९९२ सालची अध्यक्षीय निवडणूक आणि त्याच सुमारास विस्कॉन्सिन राज्यातील एका शाळेत मतमोजणीत झालेला फेरफार, या दोहोंतून पेरोटा यांना ती सुचली. कादंबरी न्यू जर्सीत घडते. दिग्दर्शक अलेक्झांडर पेन यांनी ती उचलून नेब्रास्का राज्यातील ओमाहा या आपल्या जन्मगावी नेली आणि चित्रण एका खऱ्याखुऱ्या शाळेत केले. त्यामुळे वर्गातील बाके, भिंतींवरील फलक, भोजनगृहातील गोंगाट, यांत कोठेही देखाव्याचा कृत्रिमपणा जाणवत नाही.

कथा वरवर पाहता क्षुल्लक आहे. ट्रेसी फ्लिक ही हुशार, मेहनती आणि अतिशय महत्त्वाकांक्षी विद्यार्थिनी विद्यार्थिसंघाच्या अध्यक्षपदासाठी एकटीच उभी राहते. जिम मॅकॅलिस्टर हे नागरिकशास्त्राचे लोकप्रिय शिक्षक. तीन वेळा उत्तम शिक्षक म्हणून त्यांचा गौरव झालेला आहे. ट्रेसी त्यांच्या डोळ्यांत खुपते. त्यांच्या एका शिक्षकमित्राने ट्रेसीशी गैरवर्तन केलेले असते आणि त्यापायी त्याची नोकरी गेलेली असते. दोष मित्राचा, परंतु राग मात्र मुलीवर! लोकशाहीत निवड करण्यास वाव हवा, असे गोंडस कारण सांगून ते पॉल मेट्झलर या साध्याभोळ्या खेळाडूस तिच्याविरुद्ध उभे करतात. पुढे पॉलची बहीण टॅमीही रिंगणात उतरते, आणि ही निवडणूक निरर्थक आहे, आपण निवडून आलो तर विद्यार्थिसंघच बरखास्त करू, असे भर सभेत सांगून सर्वांत मोठा जयजयकार मिळवते!

मतदानाच्या दिवशी पॉल प्रतिस्पर्धी ट्रेसीला मत देतो, कारण स्वतःला मत देणे त्याला बरे वाटत नाही. ट्रेसी अर्थातच स्वतःला मत देते आणि एका मताने विजयी होते. मॅकॅलिस्टर मोजणी तपासण्यास बसतात. एकच मतपत्रिका नाहीशी केली तर बरोबरी होईल. म्हणून ते ट्रेसीच्या दोन मतपत्रिका चुरगळून केराच्या टोपलीत टाकतात. नीती आणि नियम यांतील भेद वर्गात विचारणारा शिक्षक! त्या मतपत्रिका सापडतात कोणाला, तर शाळेच्या सफाई कामगाराला. चित्रपटाच्या आरंभीच मॅकॅलिस्टर यांनी शीतकपाटातील उरलेसुरले अन्न बेपर्वाईने फेकले होते आणि ते उचलण्याचे काम त्याच माणसावर पडले होते. पुढे मॅकॅलिस्टर यांना राजीनामा द्यावा लागतो.

येथे जीर्णोद्धाराचे महत्त्व कळते. या चित्रपटाचा उपहास मोठमोठ्या संवादांत नाही, तो बारीकसारीक वस्तूंत आहे. केराच्या टोपल्या, सांडलेले अन्न, भिंतीवरील प्रचारपत्रके, बोलता बोलता मध्येच स्थिर होऊन वेडावाकडा दिसणारा चेहरा, या गोष्टी स्पष्ट दिसल्या नाहीत तर निम्मा विनोद हरवतो. त्यातून चित्रपट रुंद पडद्यासाठी घेतलेला. जुन्या चौकोनी दूरचित्रवाणी संचाच्या काळात असे रुंद चित्र घरच्या पडद्यावर भरून दाखवायचे, तर दोन्ही कडा छाटाव्या लागत आणि कडेला उभा असलेला माणूस दृश्यातून नाहीसा होई.

चित्रपटाच्या फितीला काळाची बाधा होतेच. रंगीत फितीतील रंगद्रव्ये हळूहळू फिकी पडतात. धूळ बसते, ओरखडे उठतात. यंत्रातून वारंवार फिरलेली प्रत तर लवकरच झिजते. म्हणून जीर्णोद्धार करणारे शक्य तेथे छायाचित्रकाने वापरलेल्या मूळ फितीकडे जातात. ती चौकटीमागून चौकट अशी यंत्राने टिपून संगणकात साठवली जाते. सेकंदाला २४ चौकटी असल्याने पावणेदोन तासांच्या चित्रपटात त्यांची संख्या दीड लाखाच्या घरात जाते. ‘चार के’ या संज्ञेचा अर्थ, आडव्या ओळीत सुमारे चार हजार बिंदू, असा आहे. त्यानंतर डाग व ओरखडे पुसून रंगांचा मेळ घातला जातो. ‘इलेक्शन’च्या बाबतीत हे काम स्वतः पेन यांच्या देखरेखीखाली झाले.

या कामात संयमाची फार आवश्यकता असते. फितीवरील चित्रात एक स्वाभाविक रवाळपणा असतो. तो डाग समजून पुसून टाकला, तर माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत दिसू लागतात. मंदिराचा कोरीव दगड घासून सपाट करावा, तसाच हा प्रकार. आणखी एक खुलासा येथे केलेला बरा. साध्या ब्लू-रे तबकडीवर आडव्या ओळीत १,९२० बिंदूच मावतात. म्हणजे मूळ काम चार हजार बिंदूंवर झाले, तरी या तबकडीवर घरी दिसणारे चित्र त्याहून लहान असते. तथापि मूळ काम जितके सूक्ष्म, तितकी लहान प्रतही अधिक निर्मळ उतरते.

१९९९ साली चित्रपटाला तिकीटविक्रीचे मोठे यश लाभले नाही. समीक्षकांनी मात्र त्याची वाखाणणी केली. पेन आणि जिम टेलर यांच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. त्या काळी अनेक प्रेक्षकांस ट्रेसी ही खलनायिका वाटली आणि मॅकॅलिस्टर हे चुकलेले, पण आपल्यातले गृहस्थ वाटले. १९८६ च्या ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’मध्ये शाळा बुडवणाऱ्या मुलाची भूमिका करून लाडका झालेला मॅथ्यू ब्रॉडरिक हाच येथे शिक्षक होता, हेही त्याचे एक कारण असावे. रीझ विदरस्पूनने उभी केलेली ट्रेसी तिच्या ताठ मानेमुळे आणि सतत वर राहणाऱ्या हातामुळे चिडीचा विषय झाली.

पुढे पाहणाऱ्यांची दृष्टी पालटली. एका अल्पवयीन मुलीवर एका शिक्षकाने अन्याय केला, दुसऱ्याने तिचे न्याय्य यश लुबाडण्याचा प्रयत्न केला, आणि तरीही हसे तिचेच झाले, हे लोकांच्या ध्यानात येऊ लागले. स्वतः पेरोटा यांनी २०२२ साली ‘ट्रेसी फ्लिक कान्ट विन’ ही कादंबरी लिहून प्रौढ वयातील ट्रेसीची कहाणी सांगितली. तीत ती एका शाळेची उपमुख्याध्यापिका आहे.

असा फेरविचार करावयाचा तर मूळ कृती शाबूत हवी. आठवणीवर विसंबून न्याय देता येत नाही. आठवणीत आपण आपल्या सोयीचे तेवढेच ठेवतो. नव्या प्रतीत मॅकॅलिस्टर यांचा हात टोपलीकडे जाताना स्वच्छ दिसतो, आणि त्या दोन चुरगळलेल्या कागदांवर कोणाचा हक्क होता, हेही. शाळेतील निवडणूक लहान असते हे खरे. परंतु मतपत्रिका मोजणाऱ्याने प्रामाणिक असावे, हा धडा मुले प्रथम तेथेच शिकतात, आणि तो पुस्तकापेक्षा शिक्षकाच्या वागण्यातून अधिक शिकतात.