८७० नावं आणि योगायोगाची मर्यादा

टेक्ससच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून हिडाल्गो काउंटी आहे. १९७० च्या जनगणनेत तिथले ७९.१ टक्के रहिवासी मेक्सिकन वंशाचे होते. पण आरोपीवर खटला भरायचा की नाही, हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीसाठी ११ वर्षांत ज्या ८७० जणांना बोलावलं गेलं, त्यांत मेक्सिकन वंशाचे होते फक्त ३३९. म्हणजे ३९ टक्के. शिक्षा झालेल्या एका आरोपीने हेच आकडे पुढे केले आणि ‘कॅस्टानेडा विरुद्ध पार्टिडा’ हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

ही नावं चिठ्ठ्या टाकून निघत नसत. न्यायाधीशांनी नेमलेले ज्युरी आयुक्त ती निवडत. त्यांनी कुणाला मुद्दाम वगळलं, याचा कागदोपत्री पुरावा कुठून मिळणार? हाती होते ते आकडेच.

संख्याशास्त्र अशा वेळी उलट्या बाजूने सुरुवात करतं. भेदभाव झालाच नाही, नावं जणू चिठ्ठ्या टाकूनच निघाली, असं आधी मानायचं. ही झाली शून्य परिकल्पना. ती खरी असेल तर ८७० मध्ये मेक्सिकन वंशाची सुमारे ६८८ माणसं यायला हवीत. बरोब्बर ६८८ येणार नाहीत, थोडं मागेपुढे होणारच. ते किती, याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. ८७० ला ०.७९१ ने आणि मग उरलेल्या ०.२०९ ने गुणायचं आणि गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं साधारण १२.

निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार शंभरातल्या सुमारे ९५ वेळा दोन प्रमाण विचलनांच्या आत राहतो. इथे ही हद्द ६६४ ते ७१२ अशी. प्रत्यक्षातला ३३९ हा आकडा मात्र अपेक्षेपासून २९ प्रमाण विचलनं दूर होता! न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी हे सगळं गणित निकालपत्राच्या तळटीपेत मांडलं. योगायोगाने असं घडण्याची शक्यता त्यांनी एकावर १४० शून्यं असलेल्या संख्येत एक, याहूनही कमी सांगितली.

या शक्यतेला पी-व्हॅल्यू म्हणतात आणि तिचा अर्थ लावताना पुष्कळांची गल्लत होते. आयुक्त निर्दोष असण्याची शक्यता ती सांगत नाही. निवड खरोखर निःपक्षपाती असती, तर इतका किंवा याहून मोठा फरक कितपत पडला असता, एवढंच ती सांगते.

फरक किती टक्क्यांचा, यावरही सगळं ठरत नाही. दहाच जणांना बोलावलं असतं आणि त्यांत मेक्सिकन वंशाचे सहा असते, तर तो फरक दीड प्रमाण विचलनाचा. योगायोग म्हणून सहज खपला असता. तेच ६० टक्के ८७० जणांत दिसले असते, तर फरक सुमारे १४ प्रमाण विचलनांचा झाला असता.

मार्च १९७७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने आरोपीच्या बाजूने कौल दिला. सरकार पक्षाला या तफावतीचा समाधानकारक खुलासा करता आला नाही. मात्र सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांच्या भिन्नमतातला आक्षेप वजनदार होता: तुलना सगळ्या लोकसंख्येशी का करायची? ज्युरीत बसायला पात्र असलेल्यांशी का नाही?

त्याच वर्षी जूनमध्ये हेझलवूडच्या प्रकरणात हा प्रश्न निर्णायक ठरला. मिसुरीतल्या या शाळा मंडळाने दोन वर्षांत नेमलेल्या ४०५ शिक्षकांत कृष्णवर्णीय होते १५. परिसरातल्या शिक्षकांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण सेंट लुईस शहर धरून १५.४ टक्के होतं, शहर वगळून ५.७ टक्के. पहिलं प्रमाण घेतलं तर फरक सहा प्रमाण विचलनांहून जास्त, दुसरं घेतलं तर दोनपेक्षाही कमी. कोणतं प्रमाण लागू करायचं, हे सूत्रातून निघणारं नव्हतं. न्यायालयाने प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठवलं: शिक्षक नेमके कुठून येतात, ते आधी तपासा.