विमानतळाची टॅक्सी की हॉटेलची गाडी? बँकॉक-दुबईला निघण्याआधी एवढं वाचाच

परदेशवारी आता फक्त पुण्या-मुंबईवाल्यांची राहिलेली नाही. खत-बियाणे कंपन्यांच्या स्कीममध्ये आपल्याकडचे कृषी केंद्रचालक बँकॉकला जाऊन येतात. कुणाचा मुलगा दुबईत नोकरीला असतो, तो आई-वडिलांना फिरायला बोलावून घेतो. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, हॉटेल सगळं आधी ठरतं. एकच गोष्ट राहून जाते: विमानतळावर उतरल्यावर हॉटेलपर्यंत जायचं कसं?

"तिथे गेल्यावर बघू" असं आपण म्हणतो आणि नेमकी तिथेच गडबड होते. रात्रभर झोप नसते, भाषा कळत नाही, मोबाइलला रेंज नसते, हातातल्या नोटेची किंमत पटकन लक्षात येत नाही. अशा वेळी "टॅक्सी, टॅक्सी" करत कुणी पुढे आला की आपण मुकाट्याने त्याच्या मागे चालू लागतो.

आमच्या ओळखीचे दोन कृषी केंद्रचालक असेच सकाळी बँकॉकला उतरले. बाहेर पडण्याआधीच एका काउंटरवर त्यांनी "टॅक्सी?" विचारलं आणि 1,400 बाट भरले. म्हणजे आपले साडेतीन हजारांच्या वर. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मीटरच्या टॅक्सीची रांग होती, तिथे साधारण 450 बाटमध्ये काम झालं असतं. फसवणूक म्हणावी तर रीतसर पावती मिळाली होती, गाडीही चकाचक होती. त्यांना हवी होती टॅक्सी, घेऊन बसले लिमोझिन.

दोन्हींत फरक काय?

विमानतळाची टॅक्सी म्हणजे अधिकृत स्टँडवरची, मीटरवर चालणारी गाडी. आधी बुकिंग लागत नाही, रांगेत उभं राहायचं. भाडं मीटरप्रमाणे, वर टोल.

हॉटेलची गाडी म्हणजे 'ट्रान्सफर'. तुम्ही आधी हॉटेलला कळवता, ड्रायव्हर तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा राहतो. भाडं ठरलेलं असतं. बऱ्याचदा ते टॅक्सीच्या दुप्पट-तिप्पट असतं, पण शोधाशोध वाचते.

म्हणून नुसतं "स्वस्त कोणतं?" असं विचारून चालत नाही. आपण किती वाजता उतरतोय, सोबत कोण आहे आणि बॅगा किती आहेत, हे आधी बघायचं.

बँकॉकला उतरल्यावर

पहिलं काम, तिकीट नीट बघा. बँकॉकला दोन विमानतळ आहेत. तिकिटावर 'बीकेके' असेल तर सुवर्णभूमी, 'डीएमके' असेल तर डॉन मुआंग. दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. हॉटेलला चुकीचं नाव सांगितलं तर गाडी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

सुवर्णभूमीला सामान घेऊन तुम्ही दुसऱ्या मजल्यावर बाहेर येता. मीटर टॅक्सीचा स्टँड पहिल्या मजल्यावर आहे. तिथे मशीनमधून चिठ्ठी निघते, तिच्यावर नंबर असतो. त्या नंबरच्या जागी उभ्या असलेल्या टॅक्सीत बसायचं. ती चिठ्ठी ड्रायव्हरला देऊन टाकू नका. बॅग गाडीत राहिली किंवा वाद झाला तर तोच तुमचा पुरावा.

मीटर 35 बाटला सुरू होतो. उतरताना मीटरच्या रकमेवर विमानतळाचे 50 बाट वेगळे द्यावे लागतात. ही लूट नाही, नियमच आहे. मोठ्या बॅगांचे थोडे जास्त लागू शकतात. एक्स्प्रेस वेने गेलात तर टोल प्रवाशानेच भरायचा. सगळं मिळून शहराच्या मध्यभागी जायला साधारण 350 ते 450 बाट होतात. बाटचा रुपयांतला भाव बदलत असतो, निघायच्या दिवशीचा भाव मोबाइलवर बघून घ्या.

बसल्या बसल्या मीटरकडे बोट दाखवून "मीटर" म्हणा. हा शब्द तिथेही कळतो. ड्रायव्हर मीटर न टाकता ठोक रक्कम सांगू लागला तर गाडी हलायच्या आत उतरा.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तिथल्या बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी असते, आपल्याकडच्या सीएनजी गाड्यांसारखी. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा एका साध्या टॅक्सीत बसत नाहीत. दोन टॅक्सी करायच्या किंवा मोठी गाडी मागायची. अशा वेळी हॉटेलची व्हॅन हिशेबात बसू शकते.

सामान कमी असेल आणि दिवसाची वेळ असेल तर विमानतळाच्या तळमजल्याखालून 'एअरपोर्ट रेल लिंक' ही रेल्वे सुटते. फाया थाई या शेवटच्या स्टेशनपर्यंत 45 बाट तिकीट आहे आणि अर्ध्या तासात पोचवते. मध्यरात्रीनंतर मात्र ती बंद असते.

दुबईत चित्र वेगळं आहे

दुबईच्या टॅक्सी तिथल्या सरकारी वाहतूक प्राधिकरणाच्या, म्हणजे आरटीएच्या, नियंत्रणाखाली असतात. विमानतळाबाहेर रांग, रांगेवर माणूस, प्रत्येक गाडीला मीटर. घासाघीस करायची गरज नाही. विमानतळावरून मीटर 25 दिरहमला सुरू होतो. एवढा आकडा बघून घाबरू नका, विमानतळासाठी दरच तो आहे. वाटेत 'सालिक' टोलनाका लागला तर तेवढे पैसे भाड्यात वाढतात. कार्डनेही पैसे देता येतात.

डेरा किंवा बर दुबई हा जुना भाग विमानतळापासून जवळ आहे. भारतीय हॉटेलं, खानावळी इथेच जास्त. इथपर्यंत टॅक्सीला साधारण 45 ते 60 दिरहम होतात. म्हणजे आपले साधारण हजार ते दीड हजार रुपये. एवढ्याशा अंतरासाठी हॉटेलची महागडी गाडी सांगण्यात अर्थ नाही. मरीना भाग मात्र तीस-पस्तीस किलोमीटर लांब आहे, तिथे भाडं शंभर दिरहमच्या आसपास जातं.

एकट्या महिला किंवा मुलांना घेऊन जाणाऱ्या आईसाठी तिथे गुलाबी छताच्या टॅक्सी आहेत. त्या महिलाच चालवतात. स्टँडवर मागितली की मिळते.

टर्मिनल 1 आणि 3 ला मेट्रो लागून आहे, टर्मिनल 2 ला नाही. मेट्रोही रात्रभर चालत नाही. आणि तिकिटावर दुबईऐवजी शारजा असेल, जसं नागपूरहून शारजाला विमान जातं, तर लक्षात घ्या, शारजा ही वेगळी अमिरात आहे. तिथून दुबईला येताना टॅक्सीचं भाडं बरंच वाढतं.

मग ठरवायचं कसं?

टॅक्सी घ्या:
- दिवसा किंवा संध्याकाळी उतरत असाल
- दोघे-तिघे असाल आणि सामान बेताचं असेल
- हॉटेल शहरात, ओळखीच्या भागात असेल
- सोबत मोबाइलवर नकाशा बघणारा कुणीतरी असेल

हॉटेलची गाडी घ्या:
- मध्यरात्री किंवा पहाटे उतरत असाल
- आई-वडील, आजारी माणूस किंवा लहान मुलं सोबत असतील
- चार-पाच माणसं आणि मोठ्या बॅगा असतील
- हॉटेल लांब असेल, उदाहरणार्थ पटाया. ते सुवर्णभूमीपासून शंभर किलोमीटरहून जास्त आहे
- घरचं कुणी पहिल्यांदाच एकटं जात असेल

मुंबईहून बँकॉकची बरीच विमानं रात्री सुटतात आणि पहाटे-सकाळी पोचतात. सत्तरीच्या वडिलांना झोप नसताना रांगेत उभं करून हजार-दीड हजार रुपये वाचवायचे का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. आमचं मत विचाराल तर म्हातारी माणसं सोबत असताना जाताना हॉटेलची गाडी घ्या आणि परत येताना टॅक्सी. तोपर्यंत गाव ओळखीचं झालेलं असतं.

हॉटेलच्या गाडीसाठी हे पाच प्रश्न विचारा

1. भाडं पूर्ण गाडीचं आहे की माणशी? चौघांना हा फरक चौपट पडतो.
2. टोल, पार्किंग आणि रात्रीचा जादा दर त्यात धरला आहे का?
3. विमान उशिरा आलं तर ड्रायव्हर किती वेळ थांबेल, आणि वर पैसे घेणार का?
4. तो नेमका कुठे उभा राहील? मजला आणि गेट नंबर सांगा.
5. ड्रायव्हर दिसला नाही तर फोन कुणाला करायचा?

उत्तरं मेसेजवर लेखी घ्या. फोनवरचं बोलणं तिथे गेल्यावर कुणी मानत नाही. त्यांना विमानाचा नंबर जरूर द्या, म्हणजे उशीर झालेला त्यांनाही कळतो.

पाटी घेतलेला माणूस भेटला की आपणहून नाव सांगू नका. "कुणाला न्यायला आलात? कुठलं हॉटेल?" असं त्यालाच विचारा. बरोबर सांगितलं तरच बॅग हातात द्या.

पॅकेज टूरने जाणाऱ्यांसाठी

पॅकेजच्या कागदावर 'एअरपोर्ट ट्रान्सफर' लिहिलेलं असतं, तेवढ्यावर खूश होऊ नका. शेजारी 'एसआयसी' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 'सीट इन कोच'. म्हणजे बसमधली जागा. बाकीचे प्रवासी येईपर्यंत थांबावं लागतं आणि बस सगळ्यांच्या हॉटेलवर फिरत फिरत जाते. 'प्रायव्हेट' लिहिलं असेल तरच स्वतंत्र गाडी. पैसे भरण्याआधी एजंटला हे स्पष्ट विचारा.

घरातून निघतानाच एवढं करा

- हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन नंबर यांचा स्क्रीनशॉट काढा. बँकॉकला जात असाल तर पत्ता थाई लिपीतही मागवून घ्या, बऱ्याच ड्रायव्हरना इंग्रजी वाचता येत नाही.
- तोच पत्ता कागदावर लिहून सोबतच्या प्रत्येकाच्या खिशात ठेवा. मोबाइल बंद पडला तरी कागद बंद पडत नाही.
- नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा. विमानतळावर मोफत वायफाय मिळतं, बाहेर पडल्यावर नाही.
- बँकॉकच्या टॅक्सीत रोखच चालते असं धरून चला. बाट बदलून घेताना शंभरच्या नोटा मागा, हजाराची नोट दिली की "सुट्टे नाहीत" ऐकावं लागतं.
- दुबईत व्हॉट्सअॅपवरून मेसेज आणि व्हॉइस नोट जातात, पण व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही. त्या भरवशावर राहू नका, रोमिंग पॅक टाकून जा.

काही बिघडलंच तर

रस्त्यात भांडत बसू नका. गाडीचा नंबर आणि मीटरचा फोटो काढा, आणि हॉटेलच्या दारात पोचल्यावर रिसेप्शनवरच्या माणसाला बोलवा. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर 1155 आहे, तिथे इंग्रजीत बोलता येतं. दुबईत टॅक्सीची तक्रार किंवा गाडीत राहिलेलं सामान यासाठी आरटीएचा 8009090 हा नंबर आहे, आणि पोलिसांचा 999.

आपल्या एसटी स्टँडवर उतरल्यावर कुठला रिक्षावाला किती घेतो, हे आपल्याला पाठ असतं, म्हणून तिथे आपल्याला कुणी सहज गंडवत नाही. परदेशातही तसंच. तिथला दर आणि रांगेची जागा घरातूनच माहीत करून निघालात तर उतरल्यावर "टॅक्सी, टॅक्सी" म्हणणाऱ्याला नुसती मान हलवून पुढे जाता येतं.

गावातलं, नात्यातलं कुणी यंदा बाहेरदेशी निघालं असेल तर ही माहिती त्यांना आजच पाठवा.