थ्री नॉट थ्रीच्या अंगावरची अक्षरं

यवतमाळ, पुसद, वणीकडच्या जुन्या माणसाला पोलिसाची बंदूक म्हटलं की अजूनही ‘थ्री नॉट थ्री’च आठवते. ठाण्याच्या पहाऱ्यावर, मतपेट्यांच्या राखणीला तीच लांब, लाकडी रायफल असायची. खरं नाव ली-एनफिल्ड. ली म्हणजे स्कॉटलंडात जन्मलेला जेम्स पॅरिस ली, आणि एनफिल्ड हे लंडनजवळचं कारखान्याचं गाव. नळीचा व्यास 0.303 इंच, वजन चार किलोच्या आसपास, पेटीत दहा काडतुसं.

ती कुठली, कधीची, हे कळायचं तर दस्ता जिथं पोलादात बसतो ते कडं उजव्या अंगानं बघावं. वर मुकुट, खाली राजाची आद्याक्षरं, मग कारखाना, साल आणि प्रकार. ‘बीएसए’ असेल तर बर्मिंगहॅम, ‘लिथगो’ असेल तर ऑस्ट्रेलिया, आणि ‘ईशापूर’ किंवा ‘आर. एफ. आय.’ असेल तर हुगळीकाठचा आपला कारखाना. रोमन तिनापुढं चांदणी दिसली की थांबावं. 1916 मध्ये महायुद्धाच्या घाईत लांब पल्ल्याची जादा माशी आणि काडतुसं अडवणारी पट्टी काढून टाकली, त्या काटछाटीची ही खूण. एवढ्याशा चांदणीत खंदकातली निकड कोरलेली आहे, आणि मला तरी ती सगळ्या शिक्क्यांत बोलकी वाटते.

नंबरही जुळवून बघावेत. चौकटीवरचा आणि बोल्टच्या मुठीवरचा आकडा एकच हवा; नसेल तर शस्त्रागारात कधीतरी बोल्टची अदलाबदल झाली. ‘डी. पी.’ अक्षरं असतील तर ती फक्त कवायतीची, तिच्यातून गोळी झाडू नये. काही जुन्या रायफलींची नळी पोलिसांसाठी मुद्दाम गुळगुळीत, 0.410 इंचाची करून दिलेली सापडते. 1857 नंतर हिंदी माणसाच्या हाती चांगलं शस्त्र द्यायचं नाही हा सरकारचा धसका त्या नळीत उतरलेला आहे. लष्करी काडतूस नागरिकांना बंद, म्हणून शिकारी रायफल 0.315 ची निघाली.

10 जुलै 1930 ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून जंगल सत्याग्रह केला. तेव्हा ईशापूरच्या रायफलीवर मुकुट उमटत होता. स्वातंत्र्यानंतर त्याच कारखान्यात, त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. कडं तेच, राज्य बदललेलं.

आता या रायफली निकालात निघतात, कापून वितळवल्या जातात. शस्त्रागाराच्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती: भट्टीत घालण्याआधी प्रत्येक कड्याचा एक फोटो काढा, नंबर आणि साल वहीत उतरवा, आणि ती वही जिल्ह्यातच ठेवा.