ई-पत्राचा मायना

एके काळी पत्राचा मायना शाळेत घोकून घेत असत. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, परक्या गृहस्थांना ‘रा. रा.’, म्हणजे राजमान्य राजेश्री. सधवेला ‘सौ.’ आणि विधवेला ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी. पहिल्या ओळीतच नाते उघड होई.

कचेरीचा मायना मात्र राजवटीबरोबर पालटतो, हे धाराशिवकरांस सांगावयास नको. १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते. सरकारी दप्तर उर्दूत, आणि अर्जाचा आरंभ ‘जनाबे आली’ने. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६४ साली महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम झाला, आणि अर्जावर ‘महोदय’ स्थिरावले.

आता ई-पत्राचे पाहा. भूमचा खवा-व्यापारी पुण्याच्या मिठाईच्या दुकानाला भाव कळवितो. वाचणारा कोण, हे त्यास ठाऊक नसते. अशा वेळी नाव माहीत असेल तर नाव, नसेल तर हुद्दा लिहावा: ‘मा. व्यवस्थापक, सप्रेम नमस्कार’. नुसते ‘महोदय’ लिहिले आणि खुर्चीवर बाई असल्या, तर पहिल्याच ओळीत चूक होते. मजकुरात प्रथम ‘आपण’च असावे, ओळख वाढली म्हणजे ‘तुम्ही’ आपोआप येते.

खरी अडचण स्त्रियांच्या नावापुढे येते. ‘कु.’ की ‘सौ.’ हे ठरविणे म्हणजे व्यवहाराच्या पत्रात त्यांच्या विवाहाची चौकशी करणे होय. पुरुषाचे ‘श्री.’ अशी चौकशी करीत नाही. ‘श्रीमती’ आज कचेऱ्यांत सर्व स्त्रियांना चालते. परंतु अनेक घरांत ते विधवेचेच उपपद मानले जाई, म्हणून कोणा वृद्ध बाईंना ते अजूनही बोचते. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ योजण्याचा प्रस्ताव चर्चेस पुढे केला, तेव्हा स्त्रियांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. शब्द कितीही पवित्र असो, त्याने वैधव्यच कपाळी लिहिले जाते, हा त्यांचा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो.

तेव्हा उपाय सोपा आहे. समोरच्या व्यक्तीने पत्राखाली जशी सही केली असेल, तसाच उत्तरात उल्लेख करावा. सहीत उपपद नसेल तर आपणही पूर्ण नाव लिहून ‘नमस्कार’ म्हणावे. मायना हा आपली विद्वत्ता दाखविण्यासाठी नाही. ज्याचे नाव त्याच्या इच्छेप्रमाणे घेण्यासाठी आहे.