कहुआचं रोप आणि वैनगंगेचं पाणी

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात झाडांवर लिहायचं तर साल, साग आणि कान्हा ही वाट ठरलेलीच. १८६७ नंतर भंडारा, सिवनी आणि मंडला यांचे भाग जोडून जिल्हा झाला, १९५६ पर्यंत त्याच्या राज्याची राजधानी नागपूर होती, रेंजर घडवणारं वन महाविद्यालयही इथे आहे. एवढा इतिहास पुरे. संपादकांनी धाडलं होतं ते वैनगंगेच्या काठावर, पावसाळ्यात बुडणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीसाठी.

तिथे सागाचं काही चालत नाही. त्याला निचरा लागतो. प्राणवायू पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट संथ सरकतो. मातीत होता तेवढा मुळं आणि जिवाणू मिळून लवकर संपवतात. वाहत्या पाण्यात थोडा तरी मिळतो, साचलेल्या कोमट पाण्यात तोही नाही. मोठं झाड निभावून नेतं. रोपाची मात्र पानंही बुडतात, आणि पाणी उतरलं की त्यांच्यावर गाळ बसतो.

अशा जागी उभा राहतो तो कहुआ, म्हणजे आपला अर्जुन. त्याचं फळ हातात घेऊन पाहावं: लाकडासारखं टणक, पाच उभे पंख. उन्हाळ्यात पिकून गळतं, पहिल्या पुरावर तरंगत जातं, ओल्या गाळात अडकतं. नदीची पेरणी सोपी आहे. हजार बिया वाया गेल्या तर तिला हिशेब द्यायचा नसतो.

रोपवाटिकेला द्यावा लागतो. फळं दोन-तीन दिवस भिजवून पेरली की आठ-दहा दिवसांत कोंब दिसू लागतात, पण उगवण पुढे दीड-दोन महिने रेंगाळते आणि निम्मी रुजली तरी चांगलं म्हणायचं. खरा पेच पुढेच आहे, आणि मला तोच सोडवेना. पुरात तगायचं तर शेंडा पाण्यावर राहायला हवा, म्हणून रोप उंच हवं. उंच हवं तर ते पिशवीत जास्त महिने ठेवायचं. जास्त ठेवलं की मुळं पिशवीच्या आत गोल गोल फिरू लागतात. मग पुरातून वाचलेलं तेच उंच रोप मे महिन्यात खोलवरची ओल गाठू शकत नाही.

लागवड कधी करायची, हाही वादच. जुलैत लावलं तर मूळ धरायच्या आत ऑगस्टचा पूर. पाणी उतरल्यावर लावलं तर पुढचे आठ महिने पाणी घालणार कोण? मातीचे उंचवटे करून त्यांवर लावता येतं, पण ते साचत्या पाण्यात टिकतात, धारेत वाहून जातात. त्यात वर सिवनी जिल्ह्यात भीमगडचं संजय सरोवर. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस अतिवृष्टी झाली, धरणातून पाणी सोडलं गेलं आणि वैनगंगा थेट गडचिरोलीपर्यंत पसरली. असा पूर कुठलंही वेळापत्रक पाळत नाही.

सरकारी वेळापत्रक मात्र जुलैचंच. २ जुलै २०१७ रोजी नर्मदा खोऱ्यात एका दिवसात सहा कोटींहून अधिक रोपं लावल्याचा दावा मध्य प्रदेशाने केला होता. मला अशा आकड्यांचं कौतुक वाटत नाही. नदीकाठचं रोप मोजायचं तर तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मोजावं. तोवर गुरंही येऊन गेलेली असतात, कारण एप्रिलमध्ये हिरवा चारा उरतो तो काठावरच.

आणि बी देणारी जुनी झाडं? अर्जुनाची साल हृदयविकारावरच्या औषधांत जाते. एका बाजूची पट्टी काढली तर झाड जगतं. घाईत बुंध्याभोवती गोल सोललं तर वाळतं, आणि रोपवाटिकेला बी दुसऱ्या नाल्यावरून आणावं लागतं.