बिनतारी संच कोणता घ्यावा?



११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. अशा वेळी वीज जाते, फोन मुका होतो, आणि गावाचा निरोप जिल्ह्याला पोचवायचा कसा, हा प्रश्न पडतो. मग काही उत्साही मंडळी बिनतारी संच घेऊ म्हणतात. पण कोणता?

एक असतो मोटारीत बसवायचा, स्वस्त ‘एक्स्पोर्ट’ संच. नावाला तो २८ मेगाहर्ट्झचा. पण थोडी खटपट केली की २७ मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्यातही बोलू लागतो. दुसरा हौशी, म्हणजे ‘हॅम’ मंडळींचा लघुलहरी संच. तो महाग, पण त्यावर अनेक पट्टे मिळतात.

लोक आधी वॉट विचारतात. खरे पाहता विचारावी ती लहर. २७-२८ मेगाहर्ट्झची लहर जमिनीलगत थोडे मैल जाते. डोंगर आडवा आला की अडते. आकाशात गेलेली लहर, सूर्यावरचे डाग वाढलेले असले तर, आयनांबर नावाच्या उंच थरावरून परतते, पण उतरते फार दूर. म्हणजे कोयनेचा आवाज एखादे वेळी युरोपात ऐकू येईल, सांगलीला मात्र नाही! ७ मेगाहर्ट्झचे तसे नाही. सुमारे २० मीटर लांबीची तार मधोमध जोडून दोन झाडांना, दोन पुरुष उंचीवर बांधा. लहर सरळ वर जाते आणि दिवसा आसपासच्या जिल्ह्यांवर पावसासारखी खाली येते. सह्याद्री आड येत नाही.

आता कायदा. नागरी पट्ट्यात ५ वॉटपर्यंतच्या लहान संचाला २००५ पासून परवाना लागत नाही. एक्स्पोर्ट संच बहुधा ही मर्यादा ओलांडतो. आणि २८ मेगाहर्ट्झवर हौशी परवाना लागतोच. तेव्हा बिनपरवान्याच्या माणसाला तो कुठेच चालत नाही.

सल्ला एवढाच. शेतावरून वस्तीशी बोलायचे तर ५ वॉटचा साधा संच पुरे. जिल्ह्याशी बोलायचे तर आधी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी, मग ७ मेगाहर्ट्झ असलेला संच आणि एक मोटारीची बॅटरी घ्यावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना या परीक्षेची गोडी लावावी आणि दर आठवड्याला सराव ठेवावा. पूर आल्यावर संच कोठून तरी मागवता येईल. तो चालवणारा माणूस मात्र आधीच तयार असावा लागतो.